स्टिरिओची पाठ

...स्प्रिंग. शंकूसारखी निमुळती, खालच्या वेढ्यांना हिरवट-पांढरं कीट धरलेली, आणि बोट लावलं की त्या कीटाचा भुगा होऊन बोटावर येत होता... तो त्याने अंगठ्याने चोळला, नाकाशी नेला. वास नव्हता. चाळीस वर्षांत वाससुद्धा उडून गेला होता, नुसती घाण उरली होती. स्टिरिओच्या पाठीतली सहा सेलांची खोबण, तीन वर, तीन खाली. वरच्या तीन स्प्रिंगा धडधाकट, खालच्या तीन सडलेल्या. असंच असणार हे त्याला झाकण उघडायच्या आधीपासून ठाऊक होतं.

“अरे टेप, उघडून काय बघतोस? चालत नाही तो!” दाराबाहेरच्या बाकावरून काकांचा आवाज आला. “शोभेला ठेव. लहानपणी केवढा जीव टाकायचास त्याच्यावर! हिने वाट लावली, नाहीतर आजसुद्धा खणखणीत वाजला असता. हिच्या हाताला यंत्र लागू देऊ नये माणसाने.”

आणि काकू हसली. तोंडावर रुमाल धरून, कारण तोंडात सध्या एकही दात नव्हता. पण हसली. चाळीस वर्षं, लग्नाकार्यांत, बारशांत, कोणाच्या आजारपणात भेटायला गेले तरी, काका हे वाक्य टाकतात आणि ती त्याच जागी, तेवढंच, हसते. मिक्सर आला तेव्हा हेच वाक्य, टीव्हीचा रिमोट आला तेव्हा हेच. मोबाइल तर तिला घेऊच दिला नाही. आणि ही बाई मूग गिळून बसते. त्याला काकांचा राग येत नसे, काकांची कीव करण्याइतकीही त्यांची लायकी नाही असं त्याचं मत होतं. किळस यायची ती या हसण्याची.

तो कवळ्या करतो. दाताच्या दवाखान्यामागच्या या खोलीत, गेली तीस वर्षं. समोर डॉक्टरीणबाई माणसांशी गोड बोलतात, मागे हा त्या माणसांचे प्लास्टरचे जबडे हातात घेऊन बसतो. जबड्यावरून माणूस कळतो, असं त्याचं म्हणणं. रात्रभर दात खाणारे, एकाच बाजूने चावणारे, खोटं हसून हसून पुढचे दात झिजवलेले. आज टेबलावर काकूचा जबडा होता. खालची हिरडी झिजून दोऱ्याएवढी उरली होती, तिच्यावर कवळी बसवायची म्हणजे भिंतीच्या कडेवर कपबशी ठेवण्यासारखंच. स्पिरिटच्या दिव्यावर चाकू तापवून तो मेणात एकेक दात बसवत होता, दुपारी ती मेणातली कवळी तिच्या तोंडात घालून बघायची होती, आणि मधूनमधून नजर त्या स्टिरिओकडे जात होती. काकांनी आल्या आल्या तो पिशवीतून काढून टेबलाच्या कडेला ठेवला होता. तोंड दाराकडे. पाठ त्याच्याकडे.

खरं तर टू-इन-वन. पण काका ‘स्टिरिओ’च म्हणायचे, तोंड भरून, जणू तो शब्दही त्यांनीच परदेशातून बॅगेत घालून आणला होता. तो तेव्हा अकरा वर्षांचा, शाळेसाठी काकांकडे राहिलेला, म्हणजे ज्याला प्रत्येक घासाबरोबर आठवण करून दिली जाते की घर आपलं नाही, अशा जातीचं पोर. दोन गोल जाळ्या, मध्ये कॅसेटचं दार, बटणं दाबली की होणारा तो जाड आवाज... खटक्. पहिल्यांदा ते बटण दाबलं गेलं तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी झालं होतं. प्रेम म्हणायचं तर म्हणा. नंतर आयुष्यात लग्नबिग्न सगळं झालं, पण पोटात तसं काही झालं नाही.

हात लावायचा नाही, हा नियम. काकूने स्टिरिओला निळ्या कापडाची खोळ शिवली होती, हँडलपुरतं भोक ठेवून, पण हात लावायचा नाही हे तिलाही. रविवारी सकाळी काका दाढी करून, पावडर लावून, खोळ काढत, स्टिरिओ खिडकीत ठेवत... आणि तोंड बाहेर! रस्त्याकडे! आवाज पूर्ण वर! सगळ्या गल्लीला कळलं पाहिजे. आत घरात बायको आणि पुतण्या बसलेत, त्यांनी ऐकायची यंत्राची पाठ, स्क्रू आणि काळं प्लास्टिक आणि आत कुठेतरी कोंडल्यासारखं चाललेलं गाणं. रस्त्यावरचा दूधवाला त्या घरातलं गाणं घरातल्या माणसांपेक्षा बरं ऐकत होता. फुकटचा रुबाब म्हणतात तो हा. आणि याला, त्या पोराला, तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. खाली गेलास तर उनाडक्या करतोस म्हणून खाली जायलाही बंदी, म्हणून हा पाठीला कान लावून बसायचा.

मग त्याने पुठ्ठ्याचा केला. चपलांच्या खोक्याचा, काडेपेट्यांची बटणं, बाटल्यांच्या झाकणांचे स्पीकर. खांद्यावर घेऊन गच्चीवर हिंडायचा आणि तोंडाने गायचा. काकांनी पकडलं ते तिथेच. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पाहुण्यांसमोर उभा केला. “हा आमचा दुसरा स्टिरिओ. याला सेल लागत नाहीत, दोन पोळ्यांवर चालतो.” पाहुण्यांनी काडेपेटी दाबायची, याने गायचं, दुसरी दाबली की मधेच थांबायचं, तिसरी दाबली की उलटं, गुळगुळ, गुळगुळ, टेप मागे जाताना करते तसं. लोक पोट धरून हसले. आणि हा... काय करत होता? हाही दात विचकत होता, पुन्हा दाबा म्हणत होता. तेव्हापासून नाव टेप. मी त्या हसणाऱ्यांना कधीच क्षमा केली नाही, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच होतो.

“अय्या, किती क्यूट!” डॉक्टरीणबाई डोकावल्या. “ओरिजिनल आहे? हल्ली कॉफीच्या दुकानांत ठेवतात असे. आत झाड लावता येईल तुम्हाला.”

“लावतो,” तो म्हणाला. झाड म्हणे.

एक काम मात्र काकांनी त्याच्यावर सोपवलं होतं. सेलचं. सेल उतरले की फेकायचे नाहीत, उन्हात ठेवायचे, ऊन खाऊन ते पुन्हा भरतात, हे काकांचं शास्त्र. गच्चीच्या कठड्यावर सेल ओळीने मांडायचे, तासातासाने फिरवायचे, म्हणजे सगळ्या बाजू भरतात. तो ते पुजाऱ्यासारखं करायचा. कोमट सेल मुठीत धरले की आत काहीतरी शिरलंय असं त्याला खरोखर वाटायचं. काकांनी कधी त्याचे आभार मानले नाहीत, पण एकदा म्हणाले होते, “टेपने भरलेले सेल टिकतात हं.” त्या एका वाक्यावर तो वर्षभर जगला. इतका स्वस्त होता तो.

आणि मग काका नोकरीच्या प्रशिक्षणाला दीड महिना बाहेरगावी गेले. नवे सेल कपाटात, कपाटाची किल्ली खिशात. उन्हाळ्याची सुट्टी. काकू एका दुपारी मशीनवर शिवत बसली होती, पाय थांबवून म्हणाली, “वाजतो का रे तो, ते नसताना?” काय विचारणं होतं! जसा काही तो काकांचा पाळलेला कुत्रा. पण त्याने अर्ध्या तासात व्यवस्था केली. टॉर्चमधले तीन ताजे सेल वर, आपले उन्हात भरलेले तीन खाली. ताज्याबरोबर मेलेले घातले की मेलेले फुटतात, रस गाळतात, हे आज शेंबडं पोरही सांगेल. त्याला कोण सांगणार? त्याला तर खात्री होती, भरलेले आहेत, मी भरलेत.

वाजला. काकूने तो खिडकीतून उचलला, आणि फिरवला. तोंड आत. जमिनीवर त्याच्यासमोर बसली, मांडीवर अर्धं शिवलेलं काही, आणि तोंड उघडं टाकून म्हणाली, “अगबाई! असा आहे होय आवाज!”

तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई त्याला घरी न्यायला आली, उरलेल्या सुट्टीसाठी. दारात काकूने हळूच विचारलं, “सेल काढलेस ना?” आणि तो म्हणाला, “काढले.” काढले नव्हते. परत आल्यावर, काकांच्या आधी, एकदा तरी एकट्याने बटण दाबायचं होतं. एकट्याने, समोर बसून. दुसरं काही कारण नव्हतं, हावरटपणा.

पण काका आधी आले. तो परतला त्याच दिवशी काका हातात झाकण घेऊन उभे होते, खोबणीतून ओघळ आत सर्किटच्या पट्टीपर्यंत उतरलेला, आणि काका एवढंच विचारत होते, कोणी? कोणी? त्याची दातखीळ बसली. आतून काकूचा आवाज आला, “मी.”

मी! एका अक्षरात मोकळी झाली. तेव्हा त्याला वाटलं, वाचलो. पुढे मोठा झाल्यावर वाटू लागलं, काय बाई आहे! दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेऊन चाळीस वर्षं हसते, पदरात पडलं ते पवित्र म्हणते. असल्या बायकांमुळेच असले काका होतात. तिच्याविषयी दया, दयेखाली तिरस्कार, आणि तिरस्काराखाली... खाई त्याला खवखवे. ते खवखवणं घेऊनच तो तिला टाळत आला होता. पण गेल्या आठवड्यात तिच्या हिरडीचं माप हातात आलं, तो दोऱ्याएवढा जबडा, तेव्हा त्याने ठरवलं. कवळी बघायला येतील तेव्हा सांगायचं. काकांच्या तोंडावर. ‘सेल मी ठेवले होते. तुमच्या उन्हाच्या शास्त्राने तुमचा स्टिरिओ खाल्ला. तिला आता सोडा.’ वाक्यं पाठ होती. काकांचा पडलेला चेहराही पाठ होता.

दुपारी काकू खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटकडे, काका बाहेर कोणाला तरी परदेशातून स्टिरिओ कसा आणला ते सांगत होते. त्याने मेणातली कवळी थंड पाण्यातून काढून तिच्या तोंडात बसवली, वर आणि खाली. गालांना आकार आला, आणि एकदम ती कोणीतरी झाली, दहा वर्षांपूर्वीची.

“साठपासून सत्तरपर्यंत मोज,” तो म्हणाला. सगळ्यांकडून हेच मोजून घेतात. त्या आकड्यांत ‘स’ इतके येतात की दात चुकला असेल तर लगेच शिट्टी वाजते.

“साठ. एकसष्ट. बासष्ट...” शिट्टी नव्हती. काम चोख होतं.

“काकू,” तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला पाठीकडून आल्यासारखा वाटला. “तो स्टिरिओ. ते सेल... तू तेव्हा म्हणालीस मी म्हणून, पण ते—”

“त्रेसष्ट,” काकू म्हणाली. मग थांबली. दाराकडे एकदा बघून, नव्या दातांमागून, हळूच. “तू काढले म्हणालास ना, मी खोळ काढून बघितलं तर आतच! म्हटलं, गुणाचं गं पोर, माझ्यासाठी ठेवून गेलं. महिनाभर ऐकला रे मी. रोज दुपारी, दार लावून, आत तोंड करून. पुढे पुढे नुसता घोगरा झाला, मग कण्हायला लागला, तरी लावायचे. कधीच काढायला हवे होते, कळत होतं मला. हात झाला नाही. काढले की संपलंच ना सगळं.” ती हसली. तेच हसणं. फक्त आता ओठांमागे दात होते, आणि त्या हसण्यात सोसणं बिसणं काही दिसत नव्हतं, होता तो निव्वळ चोरट्या माणसाचा आनंद. “हे म्हणतात यंत्र लागू देऊ नका, तेव्हा मला तोच महिना आठवतो. माझ्यासाठीच ठेवलेस ना तू?”

“हं,” तो म्हणाला.

“चौसष्ट,” काकू म्हणाली आणि सत्तरपर्यंत न चुकता गेली.

कवळी काढून त्याने पाण्यात ठेवली, पुढच्या मंगळवारी या म्हणाला. काकांनी दारातून ओरडून विचारलं, “काय रे टेप, बसली का? की तीही मोडली हिने?” आणि काकू रुमाल धरून हसली, आणि यावेळी त्याला तिच्याकडे बघवेना, पण किळस आली म्हणून नव्हे. दोघं गेले. काकांची काठी फरशीवर वाजत लांब गेली.

काय पचका! चाळीस वर्षं ज्याला आपला गुन्हा म्हणून जपला, तोही आपला नाही. तिने स्वतःसाठी केला, पोटभर केला. आणि बोनस म्हणून आपल्याला गुणाचं पोर ठरवून गेली, तेही आपण गपकन घेतलं, हं म्हणून. त्याने काकांविषयीचा तिरस्कार शोधला, नेहमीच्या जागी. तो होता, पण जुन्या कोटासारखा, घालायचा कोणी. काकूविषयीची दया तर हास्यास्पदच झाली होती. तिच्याकडे महिना होता. याच्याकडे काय होतं, एक दुपार, तीही दुसऱ्याच्या मांडीशेजारी बसून.

त्याने चाकू दिव्यावर धरला, दुसऱ्या कोणाचा तरी जबडा समोर ओढला, आणि काम सुरू केलं नाही. टेबलाच्या कडेला स्टिरिओ तसाच होता, पाठ इकडे, चार स्क्रू, उघडी खोबण. सकाळपासून हा त्या पाठीसमोरच बसला होता आणि लक्षातही आलं नव्हतं. फिरवायला किती वेळ लागतो... त्याने हात पुढे केला, प्लास्टिकवर ठेवला, ते थंड होतं. कसा होता गं आवाज, महिनाभर ऐकल्यावर? हे विचारायचं राहिलं. मंगळवारी विचारीन? आणि तेवढ्यात पोटात ते झालं, तेच, अकराव्या वर्षीचं, इतक्या वर्षांत जराही न झिजलेलं, आणि लाज वाटावी इतक्या स्पष्टपणे त्याला कळलं की मला तो अजून हवा आहे... हा मेलेला, कीट चढलेला, झाड लावायचा नव्हे... तो. वाजणारा. माझ्याकडे तोंड केलेला.

चाकू तापून लाल झाला होता. मेण कुठेतरी टपटप गळत होतं.