काचेखालचं पाणी

धाराशिवच्या विज्ञान प्रदर्शनात पेशी कुणी दाखवायची, हे मुरुमच्या कॉलेजात आज ठरणार होतं. निवेदिताच्या पाणवनस्पतीच्या पानात हरितलवकं, पेशीतले ते हिरवे दाणे, जागची हलेनात. शिवरंजनीच्या पानात मात्र ती फिरतात म्हणून वर्ग नुसता नाचत होता. निवेदिताच्या जिवाचा जळफळाट झाला.

शिवरंजनी सरांना बोलवायला गेली, तशी निवेदिता तिच्या सूक्ष्मदर्शकापाशी आली. दिव्याच्या उबेनं काचेखालचं पाणी आटत चाललेलं. आणखी थोडा वेळ गेला, की पान सुकून सगळं थांबणार. त्यासाठी हिनं काही करायचीही गरज नव्हती.

तिनं डोळा लावला. पेशीतल्या मधल्या पोकळीभोवती, रिक्तिकेभोवती, हिरवे दाणे एकामागं एक चालले होते, कीर्तनात टाळकरी नामात रंगून डोलावेत तसे.

“मेलीचंच कसं फिरतंय!” ती पुटपुटली, आणि ड्रॉपरनं काचेच्या कडेला थेंब सोडला.

सर आले, वाकले. “वा! शिवरंजनी, धाराशिवला तूच जायचं.”

“पाणी कुणी घातलं गं?” शिवरंजनीनं हळूच विचारलं.

“मला काय म्हाईत?” निवेदिता फणकारली. “तुझं पान, तू बघ की!”