मास्तरांच्या खोट्या तारा

मित्रांनो, एका जागी गप्प बसणाऱ्यांपैकी मी नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी तारघरातली जुनी पितळी चावी आहे. कुलूप उघडणं माझं काम नव्हे. खाली शिसवी पाट, वर पितळेचा दांडा आणि दांड्याच्या टोकाला काळी गुंडी, असं माझं रूप. गुंडी दाबली की वीज वाहते, सोडली की तुटते. जरासं दाबलं तर ठिपका, जास्त वेळ दाबलं तर रेघ. ठिपके आणि रेघा जुळून अक्षर होतं आणि अक्षरं जुळून तार होते. दाबणारं बोट नसलं की मात्र माझा जीव कासावीस होतो. माझ्या दोन टोकांमधली ती केसाएवढी फट मला खायला उठते.

जन्म माझा कलकत्त्याचा. लाकडाच्या भुशात गुंडाळून मला रेल्वेत घातलं आणि वरोऱ्याच्या तारघरात आणून टेबलावर स्क्रूने घट्ट बसवलं. वरोरा म्हणजे कापसाचा बाजार. हंगामात तारांची ही झुंबड उडायची! गाठींचे भाव, चांद्याच्या ठेकेदारांचं सागवान, कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, सगळं माझ्यातून जायचं. त्या टेबलावर तीस वर्षं सोमाजी मास्तर बसले. गुंडी दाबायच्या ढबीला आम्ही ‘हात’ म्हणतो. नागपूरहून तपासणीला आलेला साहेब एकदा म्हणाला होता, ‘वरोऱ्याचा हात डोळे मिटून ओळखता येतो.’ मास्तरांनी ते घरी जाऊन चार वेळा सांगितलं. मीही मनात चार वेळा घोळवलं, खोटं कशाला बोलू?

माझ्या शेजारी साउंडर नावाचं यंत्र असे. दूरच्या गावची चावी दाबली की ते कट्ट वाजे, सोडली की कडकट्ट. त्या दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून मास्तर अक्षर ओळखत. पानाला चुना लावता लावता ते अख्खी तार ऐकत आणि मग लिहायला घेत. ऐकताना त्यांचं बोट माझ्या गुंडीवर अगदी हलकेच, न दाबता, ठेका धरी. ते बोट हललं म्हणजे मास्तरांना तार समजली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्रेपन्न साली मास्तर पेन्शनीत निघाले. त्याच महिन्यात खात्याने जुनं सामान लिलावात काढलं आणि मास्तर मला पिशवीत घालून घरी घेऊन आले. त्यांनी मला फळीवर ठेवलं, लोणच्याच्या बरणीशेजारी. दोन वर्षं! बरणीला निदान कोणी हात तरी लावत होतं.

खाली मास्तरांचीही तीच गत होती. त्यांना ना घरात करमे, ना बाहेर. बोटं स्वस्थ बसत नसत. खाटेच्या पायावर, पाटावर, ताटाच्या काठावर त्यांचं टकटक सुरू. “अवो, जेवून राह्यले का तार करून राह्यले?” त्यांची बायको सुगंधाबाई म्हणत. “ताट तरी सोडा बिचारं.”

पंचावन्न साली उन्हाळ्याच्या तोंडावर नईम घरी आला. नईम घड्याळं दुरुस्त करायचा, कापूस बाजाराजवळ त्याचं दुकान होतं. वय असेल सव्वीस-सत्तावीस.

“मास्तर, मले तारेची भाषा शिकवता काय?”

“काऊन? तारखात्यात लागून राह्यला काय?”

“नाई जी. शौक आहे.”

मग त्याने सांगितलं की दुनियाभर असे शौकीन आहेत. घरी बिनतारी यंत्र मांडतात आणि हजार-हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाशी तारेच्या भाषेत बोलतात. सरकारचा परवाना लागतो. परवान्यासाठी नागपूरला परीक्षा असते, तिथे कानाने ऐकून मिनिटाला बारा शब्द लिहावे लागतात.

“ना पगार, ना धंदा?” मास्तरांनी विचारलं. “मंग बोलतात काय?”

“नाव, गाव, हवापाणी. आवाज किती साफ आला ते.”

मास्तर हसले; पण हसता हसताच त्यांनी हात वर करून मला फळीवरून उतरवलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! परीक्षेचा अर्ज दोघांनीही भरला. “माई काय परीक्षा घेतील ते?” मास्तर म्हणाले. “मीच त्याईची घेईन.”

रोज सकाळी मास्तर मला पिशवीत घालून नईमच्या दुकानात नेत आणि दुकान उघडायच्या आधी शिकवणी चाले. नईमने मला बॅटरी आणि बझर जोडला. गुंडी दाबली की बझर घुंई करी. मास्तर दाबत, नईम ऐकून लिही. नईम दाबायचा तेव्हा मास्तर त्याचा हात तपासत. पण ते बझर ऐकत नसत, माझ्या दांड्याची खटखट ऐकत. तेव्हा ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही, माझ्याही नाही. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा नईमचा हात फार लवकर वळला. दोन महिन्यांत तो मास्तरांची तार न अडखळता लिहू लागला. आतून चहा घेऊन येणारी त्याची बायको शकिला म्हणे, “आता घरात बी टकटकच करतात, बोलत नाई.”

मग नईमने कामठीच्या कबाड्याकडून लढाईतला एक जुना रेडिओ आणला. दुकानाच्या छपरापासून कडुलिंबापर्यंत तार ताणली. परवाना नव्हता म्हणून बोलता येणार नव्हतं, पण ऐकायला तरी मिळणार होतं. पहिला मान मास्तरांचा. नईमने स्वतःच्या हाताने त्यांच्या कानांवर हेडफोन बसवले आणि पेन्सिल सरसावून बसला. मी मास्तरांच्या हाताखालीच होते.

आकाशातून कोणीतरी तार देत होतं; पण तिथे कट्ट नव्हतं आणि कडकट्टही नव्हतं. होती एक बारीक, एकसुरी शीळ, कधी आखूड, कधी लांब. तीस वर्षं ठोक्यांवर पोसलेल्या कानांना ती शीळ कुठे धरावी तेच कळेना. मी मास्तरांच्या बोटाची वाट पाहत होते. ते हललं नाही.

“काय म्हणते, मास्तर?” नईमने विचारलं.

मित्रांनो, तो एकच क्षण होता. ‘समजत नाही’ एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. मास्तरांनी नईमच्या पेन्सिलीकडे पाहिलं. ते म्हणाले, “सोलापूरचा कोणी आहे. म्हणते, लग्न ठरलं, लवकर निघा.”

मला तर पाट फोडून पळून जावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ‘माल पोचला’ अशी तार ऐकली, तिसऱ्या दिवशी ‘तब्येत ठीक, काळजी नसावी’. बिचाऱ्यांना तार म्हटलं की तेवढंच सुचत होतं. नईम गोंधळला. “शौकीन लोकं लग्नाच्या खबरा काऊन देऊन राह्यले, मास्तर?”

“देतात कोणी कोणी,” मास्तर म्हणाले आणि घड्याळांच्या कपाटाकडे पाहत राहिले.

पुढे नईमने हेडफोन वाकवून एक कान मास्तरांना दिला, एक स्वतः घेतला. तो स्वतःही लिहू लागला आणि तिथेच सगळं बिघडलं. त्याच्या कागदावर एक असायचं आणि मास्तरांच्या तोंडून दुसरंच यायचं. तीस वर्षांच्या तारमास्तरापुढे घड्याळवाल्याने स्वतःच्या कानांवर कसा भरवसा ठेवावा? तो कागद चुरगाळून फेकून देई. “तुमचा हात समजते,” तो म्हणे, “पण आकाशातलं नाई समजत. परीक्षेत तुमचा हात कुठी राहणार आहे?”

“सराव कमी आहे तुया,” मास्तर म्हणत. आणि माझी गुंडी उगाचच पुसत बसत.

असे पंधरा दिवस गेले. नईमचं कामात चित्त लागेना. एकाच्या घड्याळाचा काटा दुसऱ्याच्या घड्याळात गेला, गिऱ्हाईकं तोंड सोडू लागली. तो दुकानात नुसता येरझारा घाली. आणि मी? मला सगळं ठाऊक होतं, पण कोणी दाबल्याशिवाय मी बोलणार कशी! जीभ असून मुकं असणं काय असतं, ते त्या पंधरा दिवसांत मला कळलं.

परीक्षा सोमवारी होती. त्याआधीच्या शुक्रवारी भर दुपारी शकिला मास्तरांच्या घरी आली. तिच्या हातात चुरगाळलेल्या कागदांची पुरचुंडी होती.

“मास्तरजी, ते नागपूरले जात नाई म्हणून राह्यले,” ती म्हणाली. “माये कानच खराब आहेत म्हणते. आज रेडिओ कबाड्याले देऊन टाकणार आहेत. तुमी याच्यात काय चुकलं तेवढं दाखवा. मी त्याईले समजावते.”

मास्तरांनी एकेक कागद मांडीवर सरळ केला. पहिल्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: नाव थॉमस, गाव कोचीन, हवा गरम. दुसऱ्यावर: नाव पिंटो, गाव बेळगाव, आभाळ भरलेलं. तिसरा अर्धाच होता, पण त्यातही नावापुढे गाव होतं. चुकीचं ऐकणाऱ्याला कोचीनचा थॉमस ऐकू येत नाही. हे मला कळलं आणि मास्तरांनाही कळलं. त्यांनी कागद पुन्हा एकावर एक रचले.

“काय चुकलं पोराचं?” सुगंधाबाईंनी विचारलं.

“काई नाई चुकलं.”

“मंग तसं सांगा ना त्याले.”

“तोंडानं नाई होत मायाच्यानं.”

तीस वर्षांच्या संसारात नवरा कुठे अडतो ते बाईला कळतंच. “तोंडानं नाई होत त हातानं सांगा,” सुगंधाबाई म्हणाल्या. “जनम त्याच्यातच गेला ना तुमचा?”

मास्तरांनी मला आणि ते कागद पिशवीत घातले आणि आम्ही तसेच उन्हात निघालो. दुकानात नईम रेडिओ गोणपाटात बांधत होता. मास्तर बाकावर बसले, कागद शेजारी ठेवले, मला बझर जोडला आणि म्हणाले, “लिही.”

“राहू द्या, मास्तर. झालं आता.”

“लिही म्हणतो.”

नईमने नाइलाजाने पेन्सिल घेतली. मास्तरांनी गुंडी दाबली. मित्रांनो, माझ्यातून मरणाच्या शेकडो तारा गेल्या आहेत, पण इतका जड हात माझ्यावर कधी पडला नव्हता. पहिलंच अक्षर बिघडलं. मास्तरांनी ते खोडायची खूण दिली आणि नव्याने सुरुवात केली. नईम सवयीने अक्षरामागून अक्षर लिहीत गेला. बझर थांबला तेव्हा त्याने कागद वाचला. त्यावर इंग्रजी अक्षरांत, पण आपल्याच बोलीत होतं:

‘मले शीळ वाचता येत नाई. एक अक्षर नाई. लग्न, माल, तब्येत, सारं मनानं सांगतलं. तू लिहिलं ते खरं. चूक माई.’

दुकानातली सगळी घड्याळं टिकटिकत होती.

“सोलापूरचं लग्न?” नईमने अखेर विचारलं.

“नव्हतं.”

“पंधरा दिवस मी मायाच कानाले शिव्या देऊन राह्यलो, मास्तर.”

“माहीत आहे मले.”

“माहीत होतं?” नईम उठला आणि पायरीवर जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याला राग आला होता आणि तो खराच राग होता. तो परत आत येईल की नाही, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. मास्तरांनी हात माझ्यावरून काढून मांडीवर ठेवला. उठून जायचं त्यांना सुचलं नाही, की धीर झाला नाही, कोण जाणे.

बऱ्याच वेळाने नईम आत आला. शकिलाने आणलेले कागद बाकावर पडले होते. त्याने त्यातला एक उचलला.

“म्हणजे कोचीनचा थॉमस खरा होता?”

“खरा होता.”

“आन् बेळगावचा?”

“तो बी.”

नईमने तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग खाली बसला आणि गोणपाटाची सुतळी सोडायला लागला.

सोमवारी तो नागपूरला गेला आणि पास होऊन आला. मास्तर गेलेच नाहीत. पुढे सरकारी कागद यायला कितीतरी महिने लागले. पण परवाना आला आणि मी नईमच्या टेबलावर कायमची बसले. आता माझा आवाज तारेवाचून जातो. कोचीनचा थॉमस पुढे खरोखर भेटला, त्याच्याकडे अजून गरमच होतं. माझं म्हणाल तर गुंडीला तडा गेला आहे, पितळही काळं पडलंय. तुमच्यापैकी कोणाच्या घरी माझी एखादी बहीण अडगळीत पडलेली असेल, तर तिच्या दोन टोकांमधून कोऱ्या कागदाची पट्टी फिरवा, धूळ निघेल. आणि तिला रोज थोडं दाबा. आम्ही वापराने झिजत नाही, पडून राहिल्याने मरतो.

पण पास होण्यापेक्षा, परवान्यापेक्षा मला दुसराच एक दिवस मोठा वाटतो. नईम नागपूरहून आला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती सकाळ. मास्तर दुकानाच्या पायरीशी घुटमळत होते. नईमने त्यांना पाहिलं, बाकावरची घड्याळं बाजूला सारली आणि जागा करून दिली. या वेळी मास्तर शिकणाऱ्याच्या बाजूला बसले. नईमने माझ्या दांड्याखाली कापडाची घडी सारली, म्हणजे माझी खटखट ऐकू येऊ नये, फक्त बझर ऐकू यावा. मग त्याने एकच अक्षर वाजवलं.

मास्तर डोळे मिटून बसले होते. तीस वर्षांचा तारमास्तर, वय सत्तावन्न. समोर गिऱ्हाईक उभं होतं, दारात शकिला चहा घेऊन उभी होती.

“समजलं नाई,” मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पुन्हा वाजव.”