पाठवणीची तबकडी

भागूबाईने गवताचा भारा दुकानाच्या पायरीशी टाकला, तरातरा आत आली आणि फिरत्या तबकडीवर टेकलेली दांडी हाताने उचलून बाजूला केली. खर्रकन आवाज झाला. गाणं नुकतंच सुरू झालं होतं, ते तिथेच तुटलं.

"अहो! अहो बाई!" इब्राहिमभाई उठले ते स्टूल पाडूनच. "हात काढा आधी! डोकंबिकं फिरलंय का तुमचं?"

भागूबाईने हात काढला, पण मागे सरली नाही. वलवणच्या वरच्या वाडीतली बाई ही. टांगेवाल्यांना गवत विकायला रोज बाजारात यायची. इब्राहिमभाई तिला ओळखत होते ते इतपतच. आजवर ती या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. आणि आज चढली ती अशी!

"ह्ये लगनाला द्यू नगा," ती म्हणाली. तिला धाप लागली होती.

"काय?"

"ह्ये गानं. लगनाला न्हाई द्याचं."

बाकावर बसलेल्या कमळाबाईंनी पदर सावरून भागूबाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाजारातल्या मोठ्या चिक्कीच्या दुकानाच्या मालकीणबाई त्या. आठ दिवसांवर पुतणीचं लग्न होतं, आणि नवऱ्यामुलाने नवाकोरा रेकॉर्ड प्लेयर घेतलाय हे कळल्यापासून आहेरात चार तबकड्या द्यायच्या असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. कोणत्या द्यायच्या हे विचारायला लोणावळ्यात दुसरं दार नव्हतंच. तीन निवडून झाल्या होत्या. चौथी इब्राहिमभाईंनी मुद्दाम शेवटी लावली होती, कारण त्यांच्या मते तीच खरी.

"आणि ही कोण सांगणारी?" कमळाबाई म्हणाल्या.

"का द्यायचं नाही?" इब्राहिमभाईंनी विचारलं. "कारण सांगा ना."

भागूबाईने एकदा कमळाबाईंकडे पाहिलं.

"न्हाई द्याचं, येवडंच," ती म्हणाली, आणि भारा उचलून चालायला लागली.

इब्राहिमभाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं ते या गादीवर बसत होते. मुंबईचे बंगलेवाले उन्हाळ्यात यायच्या आधी पत्र टाकून विचारत, इब्राहिमभाई, यंदा संग्रहात ठेवण्याजोगं काय निघालंय? बारशाला काय द्यावं, रिटायर होणाऱ्या स्टेशनमास्तरला काय द्यावं, रुसून माहेरी बसलेल्या बायकोला काय द्यावं, सगळं त्यांना विचारून चाले. नवी तबकडी आली की ते आधी स्वतः सात वेळा ऐकत आणि मगच गिऱ्हाइकासमोर तिचं नाव काढत. त्यांनी सांगितलेली तबकडी कुणी नाक मुरडत परत आणली, असं एकदाही झालं नव्हतं. अशा माणसाला ही गवतवाली शिकवणार, काय द्यायचं आणि काय नाही! उद्या म्हशीसुद्धा येतील राग ओळखायला.

तबकडीवर चरा पडला होता. त्यांनी ती फडक्याने पुसली, उजेडात धरून पाहिली आणि बाजूला ठेवली. मग फळीवरची दुसरी काढून लावली.

"ऐका वहिनी. सुरुवातीची ही हाक ऐका फक्त."

गाण्याच्या आधी वाद्यं नव्हती. एकट्या बाईची लांब हाक होती, शब्द नसलेली, डोंगरावरून खाली सोडल्यासारखी. ती शेवटाला किंचित फाटे, आणि तिथूनच सनई उचलून घेई. मग नेहमीची गाणारी आपल्या गोड गळ्याने नवरीच्या हिरव्या शालूचं गाणं म्हणे. सिनेमाचं शूटिंग गेल्या वर्षी वलवणच्या धरणावरच झालेलं; त्यामुळे गाणं गावचंच झालं होतं. दिवाळीपासून इब्राहिमभाईंनी तळेगाव, सोमाटण्यापर्यंत ही तबकडी पोचवली होती. पाठवणीला दुसरं काही लावायचंच नाही, असा या बाजूला रिवाजच पडला होता.

"इथे आवाज कसा मोडलाय बघा," ते म्हणाले. "मुद्दाम. याला म्हणतात कसब. खुशी मावत नाही ना पोटात, तेव्हा आवाज असा मोडतो. हवं तर लिहून देतो वहिनी, सगळ्या आहेरात हिचंच नाव निघेल."

"तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं," म्हणून कमळाबाई चारही घेऊन गेल्या.

पण इब्राहिमभाईंना दिवसभर चैन पडेना. दुसऱ्या दिवशी आठवड्याची सुट्टी. बायकोने, बदरुन्निसाने, जेवायला वाढलं तर चार घासांवर उठले आणि टोपी घालून निघाले. भरपाई नको होती त्यांना. चऱ्याचं काय, गेली एक तबकडी! पण गिऱ्हाइकासमोर त्यांच्या शब्दाला हात घातला होता त्या बाईने, आणि त्याबद्दल तिने चुकले म्हणायला हवं होतं. ते तिच्याच तोंडून ऐकल्याशिवाय पोटात अन्न जिरणार नव्हतं.

धरण मागे टाकून चढ चढताना त्यांनी सगळं भाषण मनात जुळवून ठेवलं. वाडी म्हणजे सात-आठ घरं. भागूबाई दारात बसून विळ्याला धार लावत होती. त्यांना पाहून तिने विळा बाजूला ठेवला, आतून तांब्या आणून समोर ठेवला.

"बसा, भाऊ. पानी घ्या."

"बसायला नाही आलो मी. काल तुम्ही काय केलंत, कळतंय का तुम्हाला? भरल्या दुकानात..."

"कळतंय की."

"मग?"

"मंग तुमी सांगा," भागूबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला. "समदा बाजार म्हनतो, इब्रामभाईला गान्यातलं लय कळतंय. इब्रामभाई सांगंल त्येच घ्या. मंग तुमास्नी ह्ये कसं कळलं न्हाई? आँ? बावीस वरसं काय कानात बोळं घालून बसलाय काय?"

असं इब्राहिमभाईंना आजवर कुणी बोललं नव्हतं.

"काय कळलं नाही मला?"

"ती हाक."

"ती कुणीतरी मोठी गाणारी..."

"गानारी कसली! म्या हाय ती."

इब्राहिमभाईंना हसू येणार होतं. पण ती शेवटचे शब्द बोलली तेव्हा तिचा आवाज फाटला, आणि कसा फाटला ते त्यांनी नीट ऐकलं. ते पायरीवर बसले.

मग तिने सांगितलं. रडली नाही, भांडल्यासारखीच सांगत राहिली.

"धरणावर ती शुटिंगवाली मानसं आलती. आमी बाया पानी वाहाया व्हतो. येक टोपीवाला मशीन घिऊन बसलेला. म्हन्ला, बायांनो, डोंगरातली हाक द्या. काई बी म्हना. ह्या बाकीच्यांनी म्हन्लं हळदीचं, जात्यावरचं. त्येला काई पटंना. मंग मला म्हन्ला, तू का गप? तू म्हन. माझी हौशी जाऊन बारा दिस झालते, भाऊ. बाळतपनात गेली. प्वार बी गेलं."

तिने घरामागच्या टेकाकडे हात केला.

"आमच्यात मानूस गेलं की तिसऱ्या दिशी त्या टेकावर जायाचं आन् येक हाक मारायची. येकच. गेलेल्यानं मागं वळून बगावं, आन् मंग सुकानं वाटंला लागावं. पुन्ना न्हाई मारायची. पुन्ना मारली तर त्ये वाट सोडून माघारी येतं. म्या मारलेली तिसऱ्या दिशी. पर त्या टोपीवाल्यानं म्हन म्हन म्हन्लं, तवा माझ्या तोंडात दुसरं काई व्हतंच न्हाई. तोंड उगडलं आन् त्येच भाईर पडलं."

"मग?"

"टाळ्या पिटल्या त्येंनी. वा वा म्हन्ले. मला नाव बी न्हाई इचारलं. म्या घरी यिऊन देवाफुडं नाक घासलं. म्हन्लं येक डाव चुकले, पदरात घे. मला काय ठावं, मुडद्यांनी त्ये ताटलीत भरून ठिवलंय!" तिने हात जमिनीवर आपटला. "आता खाली वलवनात लगीन आसलं की वाजतंय. येका लगनात चार चार डाव वाजतंय. हितं आईकू येतं. दर डाव ती येत आसंल, भाऊ. म्हनत आसंल, आय कशापायी बलावतीया सारकी? आन् यिऊन बगती तर कुनाचं तरी लगीन."

तांब्यातलं पाणी तसंच होतं. इब्राहिमभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. खुशी मावत नाही पोटात, तेव्हा आवाज असा मोडतो. हे त्यांनी कालच सांगितलं होतं, आणि दिवाळीपासून रोज कुणाला ना कुणाला सांगत आले होते. नुसतं सांगितलं नव्हतं, त्या जागी बोट वर करून दाखवलं होतं. सात वेळा ऐकून!

"मला काल का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. "मी कमळाबाईंना समजावलं असतं."

"न्हाई! कुनाला सांगायचं न्हाई." भागूबाई पुढे झुकली. "मानसं हासत्यात. न्हाईतर मजा म्हून आजून वाजिवत्यात. माझ्या लेकीचा तमाशा नगा करू. माझी आन हाय तुमाला."

त्यांनी मान हलवली. चुकले म्हणायला लावायला आलेला माणूस चुकलो म्हणायलाही विसरला आणि उतरणीला लागला.

उतरताना ते त्या टोपीवाल्याला मनसोक्त शिव्या घालत होते. बाईची हाक चोरली, पाठीला सनई जोडली, नवरीच्या शालूखाली झाकून टाकली. नाव विचारायची तसदी नाही. आणि विकायला कोण? तर इब्राहिम! त्याचं दुकान, त्याची जीभ! इथवर आल्यावर शिव्या टोपीवाल्याला सोडून भलतीकडेच वळल्या. गेलेलं माणूस तबकडी वाजल्याने परत येत नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण ती बाई दारात कान देऊन बसलेली असते, हेही आता कळलं होतं, आणि ते न कळल्यासारखं करता येत नव्हतं.

छापणारी कंपनी काही त्यांचं ऐकून तबकडी मागे घेणार नव्हती. मात्र या खोऱ्यात ती आली होती त्यांच्याच दुकानातून. पण कुठल्या कुठल्या घरात? पाहुण्यांनी नेल्या, पाहुण्यांच्या पाहुण्यांनी नेल्या. बेगडेवाडीच्या लाउडस्पीकरवाल्या महिपतीने तर दोन नेल्या होत्या. दारोदार जाऊन मागायच्या, तर लोक विचारणार, का? आणि त्या का-ला उत्तर द्यायचं नाही, अशी आण पडलेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाडीतून उतरलेल्या प्रवाशांची चिक्कीच्या दुकानात झुंबड असताना, इब्राहिमभाई हातात एक वेगळी तबकडी घेऊन कमळाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. कमळाबाईंचा स्वभाव सगळ्या लोणावळ्याला ठाऊक होता. बाई मनाने वाईट नव्हती, पण एकदा का बिनसलं की तिच्या तोंडाला टाळं नाही. सकाळी तिच्याशी कुणाचं वाजलं, तर दुपारी ते खंडाळ्याच्या लोकांनाही ठाऊक असे.

"वहिनी, परवाची चौथी रेकॉर्ड परत द्या. त्याऐवजी ही घ्या."

"का हो? बिघडली की काय? पोरींनी सकाळपासून पाच वेळा लावली. छान वाजतेय की."

"वाजते. पण चांगली नाही."

"चांगली नाही म्हणजे?"

"लग्नात देण्यासारखी नाही ती."

कमळाबाईंच्या हातातली चिक्की कागदात बांधायची राहिली.

"परवा लिहून देत होतात ना तुम्ही? ती गवतवाली येऊन बडबडली, तर तिला वेड्यात काढलंत. आणि आज तुम्हीच? सात वेळा ऐकता ना म्हणे?"

"ऐकली होती," इब्राहिमभाई म्हणाले. "कळली नाही मला."

"कळली नाही!" कमळाबाईंचा आवाज दुकानाबाहेर गेला. प्रवासी वळून बघायला लागले. समोरचा पानवाला हातातलं काम थांबवून उभा राहिला. "वा! म्हणजे न कळणाऱ्या रेकॉर्डी आमच्या गळ्यात मारता होय? आमची चार माणसांत शोभा व्हायला? पुतणीच्या आहेरात मी रद्दी देणार होते की हो! आणि माझ्या नणंदेलाही हीच दिलीत. पोस्टमास्तरांच्या घरी हीच. भाजे, कार्ले, कुठे कुठे म्हणून दिलीत! तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला आम्ही, इब्राहिमभाई. बावीस वर्षं ठेवला!"

इब्राहिमभाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गर्दीत निदान चारजण त्यांची गिऱ्हाइकं होती, आणि त्यांतला एकजण आता गालातल्या गालात हसत होता. त्यांनी हातातली तबकडी चिक्कीच्या ताटाशेजारी ठेवली.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलं म्हणून भागतंय होय! थांबा, गप्प बसणार नाही मी. एकेकाच्या घरी जाऊन सांगते, इब्राहिमभाईची ती पाठवणीची रेकॉर्ड फेकून द्या म्हणून. गावभर सांगते!"

"सांगा, वहिनी. फेकू नका म्हणावं, माझ्याकडे आणून द्या. मी प्रत्येकाला बदलून देतो." ते पायरी उतरले, आणि पुन्हा मागे वळले. "वलवणच्या लोकांना तेवढं आधी सांगा."