हेलनमावशीचा रक्तगट

वसईजवळच्या जूचंद्र गावात पत्र्याच्या शेडबाहेर सकाळपासून रीघ लागली होती. आत तेलबाबा एक कागद उंच धरून गरजत होते, "माणूस खोटं बोलेल, कॉम्प्युटर बोलेल का? या माउलीला कॅन्सर होता. दुखण्याचा कागद मी धुनीत जाळला, गाठीला तेल लावलं. आता वाचा, कॅन्सर नाही!"

लोक हेलनमावशीच्या पाया पडू लागले. गास गावच्या या हेलन पास्कल डिमेलो, माझ्या कॉम्प्युटर क्लासमधल्या रिचर्डची आई. ठरलेलं ऑपरेशन त्यांनी रद्द केलं होतं.

"सर, रिपोर्ट बाबांनी नाही बनवला," रिचर्ड म्हणाला. "पहिला जाळला ना, म्हणून मीच लॅबमधून कॉपी आणली."

मला धास्ती वाटली ती त्यामुळेच; लॅबच्या खऱ्या कागदावर सगळेच विश्वास ठेवणार. मी तो कागद मागून घेऊन पाहिला.

"ऑपरेशनसाठी कुठल्या रक्ताची बाटली शोधत होतास?"

"बी पॉझिटिव्ह."

"इथे ओ लिहिलंय. बाबांनी रक्तगटही बदलला का रे?"

रिचर्डचा चेहरा उतरला.

आम्ही तडक लॅब गाठली. "नाव टाकलं की पेशंट हजर," ऑपरेटर कौतुकाने म्हणाला. तिथेच घोळ होता. आमच्या वसईत आडनावं मोजकी, संतांची नावं घरोघरी तीच, मधे नवऱ्याचं नाव. आणि या प्रोग्रॅममध्ये पेशंटची ओळख फक्त नावावर; प्रत्येकाला स्वतंत्र नंबर द्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. भुईगावची दुसरी हेलन पास्कल डिमेलो साधी गाठ घेऊन आली, तेव्हा तिचा निकाल मावशींच्या निकालावर चढला. आधीचा पुसला गेला, त्याची प्रतही कुणी ठेवली नव्हती. बाबांनी धुनीत केलं, तेच इथे यंत्राने केलं.

मावशींना सांगितलं, तर त्या रागावल्या. "देवानं बरं केलेलं तुला बघवत नाय."

पुन्हा तपासणीला तयार होईपर्यंत पावसाळा सरला. तोवर कॅन्सर फुप्फुसात उतरला होता. नाताळच्या आधी मावशी गेल्या. मला अजून त्या शेडचा संताप येतो.

लॅब आता प्रत्येक पेशंटला नंबर देते, जुना निकाल जपते. शेडमध्ये मात्र तो रिपोर्ट भिंतीवर लागला. रिचर्डने जाऊन रक्तगटाभोवती लाल रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी तिथे नवी झेरॉक्स होती.

लोकहो, यंत्राला आपण जे भरवतो तेच ते ओकतं. छापलेला कागद कुणाचा आहे, हे आधी विचारा. आणि जुना कागद जाळायला मागणाऱ्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.