पापडांच्या अंगणात शाळा

चैत्र लागला की महिपतरावांच्या घरून निरोप यायचाच, "शाळेला सुट्टी द्या नि पापड लाटायला या." महिपतराव कल्याणच्या शाळाकमिटीचे अध्यक्ष. मुलींची शाळा त्यांना घरचीच वाटे आणि तिथल्या मास्तरणी घरच्या मोलकरणी. अहो, मोलकरीण निदान तोंड वाकडं तरी करते!

थोरल्या मास्तरीण सगुणाबाईंना तेही करता येत नव्हतं. नवऱ्यानं टाकलेली बाई. नोकरी गेली की पनवेलला भावाच्या दारात, भावजयीचे टोमणे गिळत. पण यंदा त्यांचं डोकंच फिरलं. शाळेत मास्तरणी टिकत का नाहीत, याची चौकशी करायला नेमके पापडांच्याच दिवशी ठाण्याहून शाळाखात्याचे डिपुटीसाहेब यायचे होते. आणि चौकशी कुठं? तर महिपतरावांच्या ओटीवर, त्यांच्याच घरचं जेवून!

"सगळं ठीक आहे म्हणायचं," धाकट्या मास्तरीण मालनबाई कुजबुजल्या. "दरवेळी तेच म्हणतो आपण."

"मी काही म्हणणारच नाही. दाखवते."

त्या दिवशी सकाळी सगुणाबाईंनी मुलींना सुट्टी दिलीच नाही. पाट्या काखोटीला मारायला लावल्या आणि आगऱ्यांच्या, सोनारांच्या, वाण्यांच्या सगळ्या पोरी महिपतरावांच्या अंगणात नेऊन बसवल्या, वाळत घातलेल्या पापडांना खेटून. मग पदर खोचून मालनबाईंशेजारी पोळपाटापुढे बसल्या नि कडाडल्या, "हं, बे एके बे!"

"अगं बाई, माझं सोवळं! हा काय तमाशा?" महिपतरावांच्या हौसाबाई किंचाळल्या.

"मास्तरणी इथं, मग शाळाही इथंच की, वहिनी. बोलावणं तुमचंच ना?"

पाढा आळीभर घुमला. शेजारणी दारादारांत आल्या. तेवढ्यात डिपुटीसाहेब पोचले आणि अंगणातच थबकले.

महिपतराव संतापानं लालबुंद झाले. "सगुणाबाई, उद्यापासून शाळेत पाऊल टाकायचं नाही!"

सगुणाबाईंच्या डोळ्यांपुढे पनवेलचं दार उभं राहिलं. तरी त्या उठल्या, हाताचं पीठ झटकलं.

"काढायचं तर शाळेत येऊन काढा. स्वयंपाकघरातून नाही. चला गं पोरींनो!"

डिपुटींनी घसा खाकरला. "बाई, तुमची काही तक्रार—"

"माझी आहे," मालनबाई म्हणाल्या. लाटणं त्यांनी खाली ठेवलं होतं. "सांगते. पण शाळेत."

पोरींची रांग फाटकाबाहेर पडली. ओटीवर पाट मांडलेला, केळीचं पान वाढलेलं. डिपुटींनी त्याकडे एकदा पाहिलं, पगडी सावरली आणि ते रांगेमागून चालू लागले. मालनबाईंना मात्र शाळेपर्यंत दम निघेना. वाटेतच त्या बोलू लागल्या होत्या.