बंद कंपनीच्या सभेची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, पण शाळेच्या दप्तरातली नव्हे. माझी पाठ हिरव्या कापडाची, कोपरे चामड्याचे आणि पाने दोनशे. प्रत्येक पानावर छापील आकडा आहे, म्हणजे कुणी गुपचूप पान फाडले तर लगेच कळावे. मी एका लिमिटेड कंपनीच्या सभांची वही. सभेला कोण आले आणि काय ठरले, ते माझ्यात लिहायचे आणि खाली सही करायची, एवढाच माझा जन्मभराचा उद्योग.

कंपनी बटणांची होती. संचालक दोघेच, एक दादा आणि दुसरी त्यांची धाकटी बहीण. कारागीर तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाई म्हणेन. दादा यंत्रांपाशी असत आणि बाई कागदपत्रे सांभाळत. एकदा हिशेबतपासनीस मला चाळून म्हणाले, "इतकी नीटनेटकी वही मी कुठंच पाहिली नाही." माझ्या अंगावर मूठभर मांस चढले, जरी वहीला मांस नसते.

पुढे मागणी आटली. यंत्रे विकली, कारागीर दुसरीकडे लागले. बाईंनी कंपनी बंद करू या म्हटले, तेव्हा दादा म्हणाले, "नाव तरी राहू दे गं. उद्या कुणाला वाटलं, तर पुन्हा सुरू करता येईल."

आता तुम्हांला वाटेल, काम नाही तर कटकट नाही. तसे नसते, मित्रांनो. झोपलेल्या कंपनीलाही दर वर्षी नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते की मी अजून आहे, माझा पत्ता हा, माझे संचालक हे, आणि वर्षभरात मी काहीही केलेले नाही. न कळवल्यास नाव कायमचे पुसतात. म्हणून दर वर्षी एका दुपारी चार वाजता स्वयंपाकघराच्या टेबलावर सभा भरायची. बाई गेल्या वर्षीचे पान उघडायच्या आणि पाहून पाहून नवे पान लिहायच्या. व्यवहार नाही. पत्त्यात बदल नाही. संचालकांत बदल नाही. ठराव बाईंनी मांडला, दादांनी अनुमोदन दिले. पुढच्या वर्षी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मग एका वर्षी दादा आजारी पडले आणि इस्पितळातून परत आलेच नाहीत. त्यानंतरच्या सभेला बाई एकट्या बसल्या. सवयीने मागचे पान पाहून लिहीत गेल्या आणि 'उपस्थित : दोघे' असे लिहून बसल्या. चूक लक्षात येताच त्यांचा हात थांबला. खोडण्यासाठी पेन टेकवले, माझ्यावर निळा ठिपका उमटला, पण रेघ काही ओढली गेली नाही. थोड्या वेळाने त्यांनी पुढचे लिहिले. दादांनी अनुमोदन दिले.

मी शहारले. अनुमोदन देणारा माणूस चार महिन्यांपूर्वी गेला होता, आणि माझ्या पानावर मात्र तो हजर होता. कार्यालयाच्या कागदावर एकीचीच सही पुरे, त्यामुळे तिकडे कुणी ब्र काढला नाही. अशा अकरा सभा झाल्या. बाई दोन कप चहा ठेवायच्या, ठराव मोठ्याने वाचायच्या आणि समोर पाहून थांबायच्या, जणू कुणी मान हलवणार आहे. मला भीती वाटायची ती दादांची नव्हे. त्या थांबण्याची वाटायची. इतर दिवशी मी फडताळात पडून असे आणि माझ्या पोटात तो हजर माणूस असे.

यंदा कार्यालयाचे पत्र आले. प्रत्येक संचालकाने महिनाअखेरीपर्यंत स्वतः येऊन ओळख पटवावी, नाहीतर कंपनीचे नाव कमी होईल. बाईंनी ते पत्र माझ्यात घातले आणि मला मिटले. दादांचे जाणे कळवावे, तर ते कागदावरूनही जाणार. न कळवावे, तर त्यांनी मागे ठेवलेले नाव जाणार. बाईंचे जेवण कमी झाले.

त्या आठवड्यात बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला भाची आली. ही दादांची मुलगी. वडील गेले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. चष्म्याचा जुना कागद शोधताना मी तिच्या हाती लागले.

"आत्या, हे काय? बाबांनी अनुमोदन दिलं?" ती आधी हसली. मग पान उलटत गेली, आणि तिचे हसू विरले.

"तेवढं एकच ठिकाण उरलंय गं," बाई म्हणाल्या. "तिथनंही कसा काढू त्याला?"

"अकरा वर्षं तू बाबांबरोबर चहा घेतलास," भाची म्हणाली. "मी बसने दोन तासांवर राहते, आत्या. मला एकदा तरी बोलावलंस?"

बाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग पेन काढले. या वेळी मागचे पान उघडले नाही. दादा गेल्याची तारीख लिहिताना अक्षर वाकडेतिकडे झाले, पण लिहिली. मागच्या अकरा सभांत दादा नव्हते, हेही लिहिले. त्यांच्या जागी भाचीची नेमणूक केली आणि कार्यालयाचा कागदही तसाच खरा भरला.

सभेच्या शेवटी 'ऐनवेळचे विषय' असतात. बाईंनी विचारले, "कुणाला काही बोलायचंय?"

"हो," भाची म्हणाली. "बाबा गेले त्या दिवशी मला शाळेत पाठवलंत. बाबा शेवटी काय बोलले, ते मला कुणीच सांगितलं नाही."

बाई सांगू लागल्या. दोघी रडल्या, मध्येच एकदा खळखळून हसल्याही. काय बोलणे झाले ते मी सांगणार नाही, कारण ते कुणी लिहून घेतले नाही. ती जागा माझ्यावर कोरी आहे, आणि दोनशे पानांत मला तीच सर्वांत आवडते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. आपल्या माणसाच्या आठवणी हव्या तितक्या काढा, पण काढताना जिवंत माणसांना बोलवा. आणि वहीत लिहाल ते खरे लिहा. तुम्ही जे लिहाल ते आम्ही पोटात ठेवतो, आम्हांला नाही म्हणता येत नाही.