अमावास्येचं पिल्लू

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्याच्या आदल्या वर्षी, गुढीपाडव्याला, नौपाड्यातल्या सरोजताईंच्या घरी एक पिल्लू आलं आणि नवव्या दिवशी गेलं. शीळफाट्याला कमलेश नावाच्या माणसाने ते गाडीच्या डिकीतून काढून दिलं होतं. पिल्लाची आई कुठे, असं विचारल्यावर "गावाला" म्हणाला. डॉक्टर म्हणाले, फार लवकर तोडलंय आईपासून, आजार झेपला नाही. पाडवा साधायचा हट्ट सरोजताईंचा होता. नात नीरजा त्यानंतर महिनाभर धड जेवली नव्हती. आता पुन्हा आणायचं तर ते जगलंच पाहिजे, एवढंच ताईंचं म्हणणं.

म्हणून त्या स्वतः फोन घेऊन बसल्या. एक जण म्हणाला, आई कशाला बघायची, फोटो पाठवतो. दुसऱ्याकडे सात जातींची पिल्लं तयार होती. "कापडाचं दुकान आहे का तुमचं?" म्हणत ताईंनी फोन ठेवला.

"पूर्वी कुत्री आपली आपण घरी यायची," त्या मुलाला, केदारला म्हणाल्या. "आमच्या बंड्याला शोधायला कोण गेलं होतं?"

शेवटी डॉक्टरांनीच डोंबिवलीच्या विमलाबाईंचा पत्ता दिला. दोन वर्षांतून एकदा त्यांच्या लॅब्रेडॉर कुत्रीला पिल्लं होत. दारातच त्यांनी ताई, केदार आणि नीरजा अशा तिघांना चपला काढायला, हात धुवायला लावलं. पंख्याखाली पिल्लांची आई पडली होती. ती उठली, ताईंचं पातळ हुंगून पुन्हा पिल्लांपाशी गेली. इथवर ठीक होतं. मग विमलाबाईंचे प्रश्न सुरू झाले. दिवसभर घरी कोण? मजला कितवा? सोसायटीत कोणी कुरकुर करतं? आधीचं कशाने गेलं?

"अहो, केदारच्या लग्नात मुलीकडच्यांनी एवढं विचारलं नव्हतं."

"विचारायला हवं होतं," विमलाबाई म्हणाल्या. केदार खाकरला.

सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं मलाच परत द्यायचं, असंही त्यांनी कागदावर लिहून घेतलं. ताईंनी ओठ आवळून सही केली.

"बरं. अक्षय्य तृतीयेला नेतो."

"तेव्हा पिल्लं एकोणतीस दिवसांची असतील. छप्पन्न भरल्याशिवाय मी देत नाही. एकोणीस मे."

ताईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. "अमावास्या आहे त्या दिवशी."

"असेल. त्यापुढे कधीही न्या. आधी नाही."

"मग चांगला दिवस बघून..."

"आजी," नीरजा हळूच म्हणाली, "मागचं आपण चांगल्या दिवशीच आणलेलं ना."

ताईंनी कॅलेंडरचं पान खाली सोडलं.

"एकोणीसलाच येतो," त्या म्हणाल्या. परतताना रिक्षात मात्र घरापर्यंत धुमसत होत्या. "बाई आहे की पोलीस चौकी? पण आणायचं तर हिच्याकडूनच."

पिल्लू अमावास्येला आलं, म्हणून नीरजाने नाव ठेवलं अवसू. अवसू जगली, वाढली, ताईंचा एक चष्मा चावून बसली. कमलेशचा नंबर बंद झाला. तो आता जुन्या गाड्या विकतो, असं केदारच्या कानावर आलं. केदार रोज पहाटे कुरकुरत अवसूला फिरवतो. नीरजा नववीत गेली आणि अवसूचं दुपारचं खाणं मुकाट्याने आजीवर सोपवून मोकळी झाली. विमलाबाईंनी पिल्लं करणं थांबवलं. अवसूच्या म्हाताऱ्या आईला घेऊन त्या तिथेच राहतात. दर महिन्याला त्यांचा फोन येतो, अवसूचं वजन किती झालं.

"अजून चौकशी संपली नाही बाईंची," म्हणत सरोजताई वैतागतात आणि आकडा सांगतात.